अक्षतांची दोन मिनिटं

बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की माझा हंगाम सुरू होतो. हे वाक्य मी एकदा तासगावच्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘जाळी विणायला शिकलीस की काय?’’ तिचा काही दोष नाही. बोईसरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाची बायको म्हणून मी इथे आले, तेव्हा खाडी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो तेही मला कळत नव्हतं. आता माझं वर्ष बोटींवर चालतं. मासेमारीची बंदी लागली की सातपाटीची लग्नं माझ्याकडे येतात. लग्नं मे महिन्यातच उरकलेली असतात. माझ्याकडे येतात त्यांच्या व्हिडिओच्या फायली, आणि मी त्या लहान करते.

यंदाही आल्या. पालघरचे सुधीरभाऊ, ज्यांच्या स्टुडिओसाठी मी हे काम करते, त्यांनी नेहमीसारखी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली हार्ड डिस्क आणून दिली, चहा घेतला, रस्त्यातल्या खड्ड्यांचा उद्धार केला आणि गेले. एकेक लग्न मी लावत गेले. तिसऱ्या की चौथ्या लग्नात, मंगलाष्टकं संपता संपता, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या एका पन्नाशी उलटलेल्या बाईनं डाव्या हातानं अक्षता टाकल्या. हात खालून वर, आणि शेवटी मनगटाला एक झटका. मी फाईल थांबवली, मागे नेली, परत पाहिली. त्या बाईंचं तोंड मी त्याआधी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. हात मात्र चांगला ओळखीचा होता. फक्त तेव्हा तो उजवा होता.

त्या दिवशी पुढचं काम काही झालं नाही. काही वर्षांपूर्वीचा एक पावसाळा डोक्यात येऊन बसला आणि उठेचना.

इथे लग्नाचा व्हिडिओ म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. शहरातल्या लोकांना हल्ली तीन मिनिटांचं काहीतरी हवं असतं: वरून उडणारा कॅमेरा, मागे गाणं, नवरा-नवरी हळूहळू चालत येतायत, संपलं. सातपाटीच्या माणसांना असलं काही दिलंत तर ती विचारतील, बाकीचं लग्न कुठे गेलं? त्यांना सगळं हवं असतं. मांडव घातला तिथपासून वरात दारात आली तिथपर्यंत, मध्ये जेवणाच्या पंगतीसुद्धा. आणि ते सगळं ती पाहतात. बंदीच्या दिवसांत पुरुष घरात असतात. ओटीवर जाळी दुरुस्त होत असतात, आत टीव्हीवर लग्न चालू असतं, गल्लीतली माणसं येऊन टेकतात. कुठल्या मामीनं कुठली साडी नेसली, आधी कोण जेवायला बसलं, कोण रुसून निघून गेलं, या सगळ्याचा निकाल व्हिडिओ मागे-पुढे करून लावला जातो. हे सारं नारळी पौर्णिमेच्या आत व्हायचं. एकदा नारळ पाण्यात पडला आणि बोटी निघाल्या, की मग लग्न बघायला कुणाला सवड नाही. म्हणून सुधीरभाऊंची घाई, आणि त्यांच्यामुळे माझी.

मी कॅमेरा धरत नाही. लग्नाला जात नाही. खरं सांगायचं तर मला लग्नं आवडत नाहीत. पण तसं म्हटलं की लोक लगेच आपल्या संसाराची चौकशी करतात. संसार ठीक आहे. फक्त गर्दीत मला काही दिसत नाही, आणि फाईलमध्ये सगळं दिसतं. पालघरच्या बाजारात भाजी घेताना मला मधूनच एखादी नवरी दिसते. तिच्या सासूनं कशावरून तोंड वाकडं केलं होतं ते मला ठाऊक असतं. ती मला ओळखत नाही. हे मला फार सोयीचं वाटत आलंय.

कामाचं साधनही माझ्यासारखंच आहे, कुणाशी फार न बोलणारं. फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळी खिडकी उघडायची आणि एक ओळ टाइप करायची: ही फाईल घे, अशी अशी लहान कर, इथे ठेव. एंटर मारलं की पांढरे आकडे पळायला लागतात. सुरुवातीला तर ते पळतही नसत, चालत. सगळं काम संगणकाचा मुख्य प्रोसेसर एकटा करायचा. सकाळी लावलेलं लग्न संध्याकाळी दिवेलागणीलाही वरातीपर्यंत पोचलेलं नसे. खोली तापायची, पंखा घरघरायचा, आणि संगणकाच्या पाठीमागून गरम वारा यायचा. पावसाळ्यात बोईसरला कपडे वाळत नाहीत हे इथल्या प्रत्येक बाईचं दुःख आहे. मी मुलीचा शाळेचा युनिफॉर्म त्या वाऱ्यावर टांगायची. एका लग्नात दोन फ्रॉक आणि चार मोजे वाळायचे. जाड लग्न असेल तर एखादा टॉवेलही.

मग ग्राफिक्स कार्ड आलं. बोईसरला स्टेशनजवळच्या गल्लीत जुन्या संगणकांचं एक दुकान होतं, तिथून घेतलं. दुकानदारानं फडक्यानं धूळ झटकली आणि म्हणाला, ‘‘दीदी, गेमवाले लड़के का था। गरम होगा, पर भागेगा।’’ ते खरंच पळालं. माझ्या त्या ओळीत एन्कोडरचं, म्हणजे फाईल लहान करणाऱ्या भागाचं, नाव असतं, तेवढा एक शब्द बदलायचा. काम प्रोसेसरकडून कार्डाकडे जातं, बाकी ओळ तीच. पहिल्यांदा ती ओळ मारली, उठून कुकर लावला, शिट्ट्या होईपर्यंत हळद, लग्न आणि अर्धी वरात तयार. सुधीरभाऊंना फोन केला तर ते म्हणाले, ‘‘वहिनी, चेष्टा करता काय?’’ युनिफॉर्म मात्र ओला राहिला. आमच्या घरात त्या यंत्राविरुद्ध पहिली तक्रार मुलीची होती.

कार्ड इतकं पळतं कसं, ते मी नंतर वाचून घेतलं. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक चित्रं, पण सगळी चित्रं पुरी ठेवली तर एका लग्नाला एक कपाट लागेल. म्हणून प्रोग्रॅम मधूनमधून एखादं चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांसाठी मुख्यतः एवढंच लिहितो, की काय कुठून कुठे सरकलं. भिंत होती तिथेच आहे, लिहायला नको. नवरीचा हात थोडा उजवीकडे गेला, तेवढं लिहा. हे सरकणं नीट शोधायला वेळ लागतो. प्रोसेसर सावकाश, चार ठिकाणी चौकशी करत शोधतो. कार्डावर एक छोटा भाग या एकाच कामासाठी घडवलेला असतो. त्याची रीत आधीच ठरलेली, तो फार चौकशा करत नाही. बहुतेक लग्नाला तेवढं पुरतं, कारण लग्नात बहुतेक वेळ माणसं नुसती बसलेली असतात.

अडतं ते अक्षतांपाशी. ‘सावधान’ म्हटलं की मांडवभर दाणे उडतात, प्रत्येक दाणा वेगळीकडे. हलणारं एकदम कितीतरी वाढतं, आणि फाईलला जागा ठरवून दिलेली असते. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात, तसं मग कार्ड करतं. आणि पाणी आधी मागच्या पंगतीला जातं. उजेडातले नवरा-नवरी, भटजी, अंतरपाट हे सगळं ठीक राहतं. अंधारातल्या कोपऱ्यांचे चौकोन चौकोन होतात. आता मी ती दोन मिनिटं वेगळी कापून जुन्या पद्धतीनं प्रोसेसरला देते आणि मागाहून जोडते. सुधीरभाऊंना हे ठाऊक नाही. त्या हंगामात मी तसं करत नव्हते. करायला हवं होतं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, कुणाचीच तक्रार नव्हती. लग्नाच्या व्हिडिओत अंधारात कोण बघतं?

आता बोंबलांचं सांगते. सुधीरभाऊंकडे मेमरी कार्डं मोजकी आणि लग्नं एकाला एक लागून, त्यामुळे मूळ चित्रण फार दिवस ठेवणं त्यांना परवडत नाही. पण पुसायचं कधी? त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांच्या वडिलांच्या काळापासून, फोटोच्या निगेटिव्हपासून, चालत आलेला. घरच्या मंडळींनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, सगळ्यांचं समाधान झालं, की सातपाटीहून सुक्या बोंबलांची पिशवी यायची. सही नाही, पावती नाही. ‘‘बोंबील आले की कार्ड मोकळं,’’ सुधीरभाऊ म्हणायचे. त्यातले थोडे माझ्याकडे येत. माझ्या सासरी बोंबलाचं नाव काढलं तरी खिडक्या उघडतात, पण मला ते आवडायला लागले होते. लसूण आणि लाल तिखट घालून करायची.

हिराबाईंच्या मुलाचं, नितेशचं, लग्न त्या वर्षीचं. फायलींबरोबर सुधीरभाऊंनी निरोप दिला होता, ‘‘नवऱ्याच्या आईला कॅमेऱ्यात कुठे धरायचं नाही असं तिनंच सांगितलंय. चुकून आली असेल तर काढा.’’ कारण विचारायची गरज नव्हती. नवरा बोटीवरून परत आला नव्हता, मुलगा शाळेत असतानाच. विधवा आईनं हळदीला पुढे व्हायचं नाही, मांडवात पुढे यायचं नाही, लग्नाला काका-काकूंनी बसायचं. हे त्यांना कुणी त्या दिवशी सांगितलंही नसेल. त्यांचं त्यांनाच माहीत होतं. डोक्यावरून पाटी नेऊन, गल्लोगल्ली मासे विकून ज्या बाईनं पोराला वाढवलं, तीच त्या पोराच्या लग्नात कुठे दिसत नव्हती. मी फाईल भरभर पळवून पाहिली. काढण्यासारखं काही सापडलं नाही. मला थोडा राग आला होता हे खरं, पण माझ्या रागाला तिथे कोण विचारतो. ओळ मारली, कार्ड पळालं, पेन ड्राइव्ह तयार झाला.

तो न्यायला नितेश पालघरला स्टुडिओत गेला, तेव्हा त्याच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी होती. आईनं दिली होती. पोरानं कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि पुढे हवा दमट झाली की बोंबील मऊ पडतात, तेव्हा आत्ताच घेऊन जा, एवढाच तिचा हिशेब. व्हिडिओ अजून कुणी पाहिलाही नव्हता. सुधीरभाऊंनी पिशवीचा वास घेतला, खूश झाले, आणि नियमाप्रमाणे त्या लग्नाचं मेमरी कार्ड पुसून मोकळं केलं. यात चूक कुणाची, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

जुलैतल्या एका दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर नितेशची बायको, प्राची. पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतली मुलगी, लग्नाला दोन महिने झालेले, माझा पत्ता सुधीरभाऊंकडून घेतलेला. ओढणी पिळून घेत म्हणाली, ‘‘ताई, तुमी वलखनार नाय मला.’’

मी ओळखत होते. हळदीच्या वेळी हिला लागोपाठ शिंका आल्या होत्या आणि मामाच्या नव्या शर्टावर सगळी हळद उडाली होती, तेही मला ठाऊक होतं. पण असलं काही सांगितलं तर माणूस घाबरतं. मी तिला टॉवेल दिला.

तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून पेन ड्राइव्ह. म्हणाली, ‘‘आमच्या आयच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. बाजारात बसली होती, तशीच कलंडली.’’

हिराबाई दवाखान्यातून घरी आल्या होत्या. बोलणं थोडं जड, पण समजत होतं. पाय थोडा थोडा उचलत होता. हाताला मात्र त्या काही करूच देत नव्हत्या. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता, आणि हेही सांगितलं होतं की करायचं ते आत्ता करा, नंतर हात घट्ट होत जातो. प्राची आणि नितेश पाळीपाळीनं तो हात धरून हलवायला जायचे आणि हिराबाई तो डाव्या हातानं ओढून पदराखाली घ्यायच्या.

‘‘म्हनते, गेला तो गेला. कदी चालत होता तेच मला आटवत नाय,’’ प्राची म्हणाली. ‘‘आता पुनवेला हे बोटीवर जातील. मग मी येकटी. मला वाटलं तिला तिचाच हात चालताना दाखवावा. पन ताई, अख्ख्या लग्नात आय कुटंच नाय.’’

‘‘त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं.’’

‘‘ठाव हाय. पन येके ठिकानी हाय.’’

तिनं ती जागा स्वतःच शोधून काढली होती. शेवटचं ‘सावधान’. अक्षता उडाल्या. नवरा-नवरीच्या मागे, मांडवाच्या अगदी शेवटच्या खांबापाशी, जिथे दिव्याचा उजेड संपत होता, तिथे एक आकृती होती. उभी, काळसर. तिचा हात वर गेला आणि खाली आला. दाण्यांच्या गर्दीत तोंडाच्या जागी चार-पाच चौकोन नुसते थरथरत होते. मी त्या फायलीवरून भरभर गेले होते तेव्हा मला तो खांबाचा भाग वाटला असणार.

‘‘हीच ती. मी सांगितलं तिला, तर म्हनते मी न्हवतेच तितं, मी मागं भांड्यांकडं होते. मानतच नाय. तोंड दिसल्याबिगर मानायची नाय. तुमी येवढं तोंड साफ करून द्या.’’

मी सुधीरभाऊंना फोन लावला. मूळ चित्रणात ते तोंड असणार होतं. कॅमेरा चांगला होता. ते म्हणाले, ‘‘वहिनी, बोंबील आले होते की.’’ ते कार्ड त्यानंतर दुसऱ्या गावची दोन लग्नं फिरून आलं होतं, आणि माझ्याकडे आलेली हार्ड डिस्कही परत जाऊन पुढच्या कामानं भरली होती. ते बोंबील तर मी खाल्लेसुद्धा होते.

तरी करून पाहिलं. उजेड वाढवला, तर चौकोन उजळले. कडा तीक्ष्ण केल्या, तर चौकोनांच्या कडा तीक्ष्ण झाल्या. फाईलमध्ये तोंड लपलेलं नव्हतं, ते लिहिलंच गेलं नव्हतं. हे प्राचीला समजावून सांगायला मला जड गेलं. बाकी कुठल्याही गोष्टीकडे मी लांबून बघू शकते; पण ती मुलगी खुर्चीच्या टोकावर बसून पडद्याकडे अशी बघत होती, की आता निघेल, आता निघेल. मला फार वाईट वाटलं.

सुधीरभाऊंनाही चैन पडली नसावी. संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर काहीतरी पाठवलं. हल्लीची अॅप्स पुसट तोंडं नवी करून देतात, तसल्या एका अॅपला त्यांनी ते चित्र खाऊ घातलं होतं. फोटो खरोखर सुरेख होता. गोल चेहरा, गुळगुळीत कातडी, शांत डोळे, आणि कपाळावर ठसठशीत लाल टिकली. दुसऱ्या दिवशी मी तो प्राचीला फोनवर पाठवला. बऱ्याच वेळानं तिचा फोन आला.

‘‘ताई, ही कोन?’’

मी अॅपचं सांगायला लागले.

‘‘आय टिकली लावीत नाय,’’ ती म्हणाली. ‘‘बाई चांगली हाय. पन हे आयला नका दाखवू. तिला वाटेल आमी तिची चेष्टा केली.’’

मी तो फोटो पुसून टाकला. त्यानंतर दोन-तीन दिवस मी दुसरी लग्नं लहान करत होते, पण मधूनच तो खांबापाशी असलेला तुकडा लावून बघायचे. किती वेळा बघितला असेल कोण जाणे. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. तोंड नव्हतं, साडीचा रंग नव्हता, बोटं नव्हती. पण हाताची चाल जशीच्या तशी होती. हात खालून वर, आणि शेवटी मनगटाला झटका. मांडवातली बाकी माणसं अक्षता वरून टाकत होती, देवावर फुलं टाकल्यासारखी. ही एकटीच खालून उडवत होती. यंत्राला तोंड ठेवायला जागा नव्हती, पण काय कुठून कुठे सरकलं ते त्यानं इमानानं लिहून ठेवलं होतं. त्याचं कामच ते. मी प्राचीला म्हटलं, तोंड मिळणार नाही, हात आहे, तेवढा घेऊन येते. ती म्हणाली, ‘‘या. पन ती ओरडली तर तुमी वाईट नका मानू.’’

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. पालघरहून एसटीनं मी सातपाटीला गेले. ज्या लग्नाचा व्हिडिओ मी केला त्या घरी मी कधीच गेले नव्हते. गल्लीत शिरल्यावर मला पत्ता विचारावा लागला नाही. कुठल्या घराची पायरी फुटकी आहे, कुठल्या वळणावर वरात अडली होती, सगळं माहीत होतं. फक्त मांडव नव्हता. शेवटचा खांब जिथे होता तिथे एक नळ होता आणि खाली प्लास्टिकचा पिंप. मी तिथे क्षणभर उभी राहिले. तिथून नवरा-नवरीची जागा बरीच लांब दिसत होती. गल्लीच्या टोकाला बोटींवरची ताडपत्री माणसं सोडवत होती, रंगाचा वास येत होता.

नितेश ओटीवर जाळं घेऊन बसला होता. मला बघून उठला, पाणी आणायला सांगितलं आणि हळूच म्हणाला, ‘‘ताई, नाय मानली तर नाय. जास्त नका बोलू तिला.’’

हिराबाई आतल्या खोलीत पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते. उन्हानं रापलेलं, हाडं वर आलेलं, एका बाजूनं ओघळलेलं. अॅपमधल्या त्या बाईशी याचं दूरचंही नातं नव्हतं. उजवा हात उशीवर ठेवला होता, कुणा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. मी कोण ते प्राचीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली. विचारलं, ‘‘बोंबील बरे होते?’’ मी म्हटलं, फार चांगले होते.

मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. घरी बसून मी तो तुकडा मंद करून ठेवला होता, नीट दिसावं म्हणून. आकृतीचा हात सावकाश वर गेला, सावकाश खाली आला.

‘‘कोन ती?’’ हिराबाई म्हणाल्या.

‘‘आय, तुमी,’’ प्राची म्हणाली.

‘‘मी नाय. मी मागं होते, भांड्यांकडं.’’ आणि डाव्या हातानं त्यांनी उशीवरचा हात पदराखाली ओढला.

पडद्यावर एक काळा चौकोन दुसऱ्या चौकोनावर चढत होता, आणि तेव्हा मला कळलं की घरी जे मला स्वच्छ दिसत होतं ते इथे नाहीच. मंद केल्यावर चालच मेली होती. मनगटाचा झटका मंद होत नाही. मंद झाला की तो झटका राहत नाही. मी रिमोट घेतला आणि मंद न केलेली फाईल लावली, होती तशी, लग्नाच्या गतीनं. ‘सावधान’. दाणे उडाले. खांबापाशी हात खालून वर गेला, झटका बसला, संपलं.

नितेशचा आवाज आला. तो जाळं सोडून दारात येऊन उभा होता. ‘‘आय,’’ तो म्हणाला, ‘‘तू मासलीवर पानी मारतेस तसंच.’’

मी ते इतके दिवस बघत होते आणि मला ते सुचलं नव्हतं. बोईसरच्या बाजारात रोज बघते मी: पाटीपुढे बसलेल्या बाया, शेजारी पाण्याचा डबा, मासळी सुकू नये म्हणून दर थोड्या वेळानं हातात घेतलेलं पाणी खालून वर उडवतात, मनगटाच्या झटक्यानं, म्हणजे ते सगळ्या पाटीवर सारखं पडतं. पोराच्या डोक्यावर अक्षताही त्यांनी तशाच टाकल्या होत्या. इतक्या लांबून त्या तिथपर्यंत पोचल्या नसणारच.

हिराबाई पडद्याकडे बघत राहिल्या. तुकडा संपून काळं झालं होतं तरी बघत होत्या. ओटीवर कुणीतरी नितेशला हाक मारली, तो गेला नाही. मला वाटलं, आता त्या ओरडतील.

‘‘तोंड नाय ना दिसत?’’ त्यांनी विचारलं.

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘नाय, आय.’’

‘‘कुनालाच?’’

‘‘कुनालाच नाय.’’

‘‘बरं,’’ हिराबाई म्हणाल्या. त्यांनी पदर बाजूला केला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि तो हात उचलून मांडीवर घेतला. नजर टीव्हीवर.

‘‘परत लाव.’’

मी परत लावलं.